धाकूच्या नावाची जागा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिला मी काय काय सांगून बसलोय हे कळलं तर तुम्हीच विचाराल, मग एवढंच का मागे ठेवलं? सांगतो. सरळ सांगता येईलच असं नाही. मुद्द्यावर यायच्या आधी चार घरं फिरून यायची माझी सवय आहे. निवेदकाची सवय.

हो, मी निवेदक होतो. पोटापाण्यासाठी शाळेत मराठी शिकवायचो, पण रत्नागिरी मला ओळखायची ती आवाजामुळे. गणपतीतले कार्यक्रम, शाळेची स्नेहसंमेलनं, कुणाच्या एकसष्टीचा सत्कार – माइकपुढे मी. पाहुण्यांना स्वतःबद्दल ठाऊक नसलेल्या गोष्टी मी त्यांच्या परिचयात सांगतो, अशी मित्र माझी थट्टा करायचे. मला ती थट्टा आवडायची. आता वाटतं, तिथेच कुणीतरी मला आवरायला हवं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गावोगाव ऑर्केस्ट्रा फिरायचे आणि सगळीकडे तीच सिनेमातली गाणी. आम्हा चार मित्रांच्या डोक्यात आलं – एक कार्यक्रम असा करू, जिथे दुसऱ्याचं गाणं म्हणायचंच नाही. ज्याने रचलं त्यानेच गायचं. मे महिना धरला, चाकरमानी गावी आलेले असतात म्हणून. शाळेचं मैदान मिळालं. माणसं शोधायला आणि त्यांची ओळख लोकांना करून द्यायला मी.

आणि काय माणसं मिळाली! पोफळीच्या, डोंगर पोखरून आत बांधलेल्या वीजघराच्या वसाहतीतली तीन मुलं होती. वडील वीजघरात नोकरीला, घरं वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेली. त्यांनी आपल्या बँडचं नाव ठेवलं होतं टर्बाइन. एकाकडे मुंबईहून आणलेली इलेक्ट्रिक गिटार, दुसऱ्याने जुन्या रेडिओंचे भाग काढून स्वतः जोडलेला ॲम्प्लिफायर – त्याला पेटी होती आंब्याची. तोवर माझ्या लेखी रॉक म्हणजे केस वाढवून ओरडणं. या मुलांचं एक गाणं होतं डोंगराच्या पोटातून अखंड येणाऱ्या घरघरीवर. ती घरघर ऐकत वाढलेल्या मुलाला ती ऐकूच येत नाही. वडिलांची बदली होते, नव्या गावात पहिल्या रात्री सगळं शांत असतं, आणि त्याला झोप लागत नाही. एवढंच गाणं. मी मराठीचा मास्तर, पण असं चार ओळींत मला कधी लिहिता आलं नाही. आजही येणार नाही.

पूर्णगडचा एक म्हातारा खारवी होता, होडी ओढताना म्हणायची गाणी स्वतः जुळवायचा. आणि होते बाळारामबुवा.

बुवा जाखडीचे शाहीर. संगमेश्वराकडच्या एका वाडीत शेती करायचे. एका पायात चाळ बांधलेली पोरं गोल धरून नाचताहेत आणि मध्ये बसून बुवा गाताहेत – हे मी त्या वर्षी प्रथमच पाहिलं. जन्म रत्नागिरीत, आणि प्रथमच. का? कारण आमच्या घरात जाखडी म्हणजे गड्यांचा नाच. कुणी बंदी घातली नव्हती. आम्ही नुसते जात नव्हतो. बुवांच्या अंगणात त्या दिवशी मी खाटेवर बसलो होतो, हातात चहाची कपबशी, आणि बुवांनी आवाज लावला. सांगू? चहा तसाच राहिला. असा भरदार आणि इतका बिनगर्वाचा आवाज मी नंतर ऐकलेला नाही.

त्यांच्या शेजारी धाकू. ढोलकीवाला. गिरणीतला संप लांबला तेव्हापासून गावी येऊन राहिलेला, तिशीतला, कमी बोलणारा. बुवा कुठे श्वास घेणार हे त्याला आधी कळायचं आणि तेवढ्या जागेत त्याची बोटं काहीतरी गंमत करून जायची. बुवा गाता गाता हसायचे. जाखडीच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात शाहीर आपल्या गुरूचं, गावाचं आणि स्वतःचं नाव घेतो – गाणं कुणाचं, ते तिथे कळतं. बुवा त्यात आणखी एक नाव घालायचे. ‘धाकूची ढोलकी’ असे शब्द शेवटच्या ओळीत यायचेच, गाणं कुठलंही असो. ढोलकीवाल्याला असा मान कोण देतो? मी धाकूकडे पाहिलं, तर तो त्या शब्दांवर मान खाली घालून वाजवत होता.

आता मी थोडा अडखळणार आहे.

कार्यक्रमाच्या आधी रिक्षाला भोंगा बांधून परिचयाची कॅसेट फिरवायची असं ठरलं. आवाज अर्थात माझा. आमच्या आंब्याच्या बागेत पेट्या ठेवायची एक मोठी पडवी होती, तिथे टर्बाइनच्या मुलांची तालीम चालायची. त्यांना धाकूची ढोलकी हवी होती, म्हणून तोही यायचा. गिटार आणि ढोलकी एकमेकांना हुंगत, बिचकत एकत्र आली ती दुपार मी विसरणार नाही. त्याच दुपारी धाकू मधेच उठून माझ्याजवळ आला. म्हणाला, “सर, आमचं बुवा शक्तीवालं हायत. तेवडा नीट सांगा. बाकी इकडचा तिकडं झाला तरी चालंल.”

मी हो हो म्हटलं. माझे कान गिटारकडे होते.

तुम्हाला हे ठाऊक नसेल तर सांगायला हवं. जाखडीचे शाहीर दोन बाजूंचे – शक्तीवाले आणि तुरेवाले. एक देवीला थोर मानणारे, एक शिवाला. समोरासमोर बसून गाण्यातून एकमेकांना सवाल टाकतात, रात्ररात्र भांडतात. बाजू गुरूकडून मिळते आणि ती कुणी बदलत नाही. बदलली, म्हणजे गुरूला सोडलं. मला तेव्हा हे माहीत होतं का? अर्धवट. मला ती एकाच गोष्टीची दोन नावं वाटायची. संध्याकाळी मी कॅसेट भरली आणि माझ्या त्या घोटीव आवाजात बुवांना ‘तुरेवाल्यांच्या परंपरेतलं लखलखतं रत्न’ करून टाकलं. वाक्य मला इतकं आवडलं की पुन्हा ऐकून पाहिलं. तरीही काही खटकलं नाही.

रिक्षा फिरली. एसटी स्टँडवर, बाजारात, पालीपर्यंत. पालीच्या बाजारात बुवांच्या गुरूंच्या वाडीतली माणसं आलेली होती. गुरू फार थकलेले, अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या कानावर गेलं – तुमचा बाळाराम शहरात गायला निघाला आणि तुरेवाला झाला. त्यांनी बुवांना निरोप धाडला, माझं नाव आता गाण्यात घेऊ नको.

बुवा दुसऱ्याच दिवशी आले. पडवीत तालीम चालू होती, धाकू ढोलकी घेऊन बसलेला. बुवांबरोबर वाडीतले चारपाच जण. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. बुवा आवाज न चढवता म्हणाले, “सर, मना तुरेवाला कुणी केलान?”

छापलेलं असतं तर छापखान्यावर ढकललं असतं. इथे भोंग्यातून माझाच आवाज सगळ्या तालुक्याने ऐकलेला. गिटार थांबली होती. माझे मित्र उभे होते, ती पोरं माझ्याकडे बघत होती – ज्यांच्यापुढे गेले काही दिवस मी जाणकार म्हणून मिरवत होतो. एक वाक्य पुरलं असतं. बुवा, चूक माझी. बुवांनी ते ऐकून घेतलं असतं, याची मला आज खात्री आहे. तेव्हाही होती, खोटं कशाला बोलू?

मी म्हणालो, “धाकूने सांगितलं, तेच मी बोललो.”

वाचलंत ना? तेच ते. एवढंच.

हे खपलं कसं, तेही सांगतो. एके वर्षी अडचणीत असताना धाकू तुरेवाल्यांच्या एका बारीला, म्हणजे सामन्याला, ढोलकी वाजवून आला होता. बुवांनी ते पोटात घातलं होतं, पण वाडी विसरली नव्हती. आणि हे मला ठाऊक होतं. धाकूनेच एकदा तालमीनंतर सांगितलेलं, लाजत; कॅसेट भरताना ते आठवलं नव्हतं, बुवांपुढे मात्र बरोबर आठवलं. म्हणजे ते वाक्य माझ्या तोंडून घाबरून निसटलं असं म्हणायची सोयही मला नाही. ते कुठे जाऊन बसेल हे मी पाहिलं होतं.

सगळे धाकूकडे वळले. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही – काही सांडलेलं दिसावं तसं. मग बुवांना म्हणाला, “सर बोलतायत, तर आसंल तसा.”

बुवा आले तसे गेले.

मी काय केलं असेल? त्याच संध्याकाळी नवी कॅसेट भरली. शक्तीवाले हा शब्द तीनदा घातला. स्वतः बुवांच्या गुरूंकडे जाऊन पाया पडून आलो, गैरसमज दूर केला. गुरू निवळले, बुवांना नाव घ्यायची मोकळीक मिळाली. गावभर माझं कौतुक झालं – दुसऱ्याची चूक सरांनी किती मनावर घेतली, म्हणे. मी ते कौतुक घेतलं. नको म्हणालो नाही.

आणि धाकू? त्याला बुवांनी झापून काढलं नाही, की कुणापाशी नावं ठेवली नाहीत. फक्त कार्यक्रमाला दुसरा ढोलकीवाला आणला.

कार्यक्रम असा झाला की काय सांगू. मैदान भरलं, कुंपणाच्या गडग्यावर माणसं. पूर्णगडच्या खारव्याने सगळ्यांना होडी ओढायला लावली. मग बुवा बसले. नवा ढोलकीवाला वाईट नव्हता, पण बुवा श्वास घ्यायचे तिथे तोही थांबायचा. त्या दिवशी बुवा गाता गाता हसले नाहीत. तरी काय गायले! गुरूचं नाव परत मिळालेल्या माणसाचं गाणं होतं ते, आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. माझ्या – विचार करा.

शेवटचं कडवं आलं. गुरूचं नाव, गावाचं नाव, स्वतःचं नाव. आणि मग ‘धाकूची ढोलकी’ यायची ती जागा. बुवांनी तिथे दुसरं काही भरलं नाही. नव्या माणसाचं नावही नाही. तेवढ्या मात्रा त्यांनी गप्प राहून जाऊ दिल्या आणि पुढचा शब्द धरला.

धाकू पडद्याआड टर्बाइनच्या मुलांबरोबर बसला होता, पुढचा नंबर त्यांचा म्हणून. ढोलकी मांडीवर होती. त्या रिकाम्या मात्रांवर त्याची बोटं पडली. हलकेच. मुद्दाम नसावं, हाताला सवय होती. बुवांनी मागे वळून पाहिलं नाही, पण पुढच्या शब्दावर त्यांचा आवाज किंचित हलला. बाकी कुणाला कळलं नसेल. मी पडद्याशेजारी उभा होतो, माइक हातात होता, मैदान गप्प होतं. खरं सांगायला अजून काय हवं होतं मला?

मी पुढे झालो आणि म्हणालो, “आता येत आहेत पोफळीचे तरुण, आणि त्यांच्या साथीला त्यांचे ढोलकीवाले धाकू.” त्यांचे! लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरघरीचं ते गाणं त्या संध्याकाळी ज्यांनी ऐकलं, ते अजून रस्त्यात थांबवून त्याबद्दल बोलतात. गिटारच्या खालून ढोलकी अशी चालत होती की डोंगर खरंच पोटातून बोलतोय असं वाटावं. पोरं मोठी झाली, पांगली. त्यातला एक अजून म्हणतो, असा ढोलकीवाला पुन्हा भेटला नाही.

बुवा आणि धाकू पुन्हा कधी एकत्र बसले नाहीत. एकाच वाडीत राहायचे, एकाच पाणंदीने जायचे. बुवा गेले तेव्हा शोकसभेला बोलायला मलाच बोलावलं. मी त्या कार्यक्रमाचं वर्णन केलं, बुवांचा आवाज, गुरुभक्ती, सगळं. बायका डोळे पुसत होत्या. धाकू शेवटच्या रांगेत होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळून बोललो, आणि चांगला बोललो.

धाकू अजून आहे. गणपतीत भजनाला वाजवतो असं ऐकतो. स्टँडवर एकदा भेटला तर माझी पिशवी हातातून घेऊन गाडीपर्यंत आला, मुलांची चौकशी केली. त्याला जाऊन सांग, असं तुमच्या मनात येत असेल. त्याला काय सांगू? त्याने मला शक्तीवाले म्हणून सांगितलं होतं, हे त्याला त्या दुपारपासून ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते बुवांना. त्यांना सांगायला माझ्याकडे बरीच वर्षं होती.