काऊन बाईंचा शनिवारचा तास

आम्ही त्यांना काऊन बाई म्हणायचो. पाठीमागंच, समोर कोणाची हिंमत! मुलचेऱ्याच्या आमच्या शाळेत शनिवारी शेवटच्या तासाला त्या पुस्तकावर चर्चा घ्यायच्या, आणि अख्ख्या चर्चेत स्वतः एकच शब्द बोलायच्या. "काऊन?" गोष्ट आवडली? काऊन? नाई आवडली? काऊन? पोरगं रडकुंडीला येईपर्यंत उभंच. आता मी कॉलेजात आहे, तरी त्यांचं नाव निघालं की डोकं तापते माझं.

कौतुक तर विसराच. एकदा मी लई हिंमत करून म्हटलं, "बाई, पुस्तक छान आहे." तर म्हणे, "छान तर वांग्याची भाजीबी असते. पुढं?" सगळा वर्ग हासला. त्यानंतर पोरं मले वांगंच म्हणायची. थँक्यू बाई!

हेडसर बाहेरगावचे, एकदम शुद्ध बोलणारे. त्यांना हे 'काऊन' टोचायचं. एकदा दारातूनच म्हणाले, "मॅडम, शाळेत 'का' म्हणावं." बाई म्हणाल्या, "सर, 'का' विचारलं की पोरं पाठ केलेलं सांगतात. 'काऊन' विचारलं की मनातलं." सर लालेलाल.

मग जिल्ह्याचे साहेब येणार ठरलं. सरांनी बजावलं, साहेब खुश झाले तर शनिवारचा तास राहील, नाई तर तो गणिताला. उत्तरंही त्यांनीच पाठ करून घेतली. साहेबांसमोर जी गोष्ट घ्यायची ठरली, तिच्यातली पोरगी भावाला शिकता यावं म्हणून गुपचूप शाळा सोडते. माझ्या वाट्याला आलं, "कथा मला आवडली, कारण त्यातून त्यागाचं महत्त्व कळतं."

साहेबांसमोर बाईंनी खरंच 'का' विचारलं. मी घडाघडा म्हणून टाकलं. साहेबांनी मान डोलावली. झालं होतं ना! तास वाचला होता ना! आणि बाई माझ्याकडं पाहून हळूच म्हणाल्या, "काऊन?"

माझं डोकंच फिरलं. "नाई आवडली मले! बिलकुल नाई! तिनंच काऊन सोडावी शाळा? भावाले कोणी काऊन नाई विचारलं?"

मागून एक पोरगा ओरडला, "तो हुशार होता ना बे!"

"अन् ती काय वांगं होती?"

मग काय, वर्ग पेटला. पोरी एकीकडं, पोरं एकीकडं. साहेबांचा चहा टेबलावर थंड होऊन राह्यला, सर हातानं बसा-बसा करून राह्यले, आणि बाई? बाई भिंतीला टेकून मस्त ऐकत उभ्या!

तास गेला. शनिवारी त्रैराशिक सुरू झालं. उन्हाळ्यात बाईंची सिरोंच्याला बदली झाली. स्टँडवर सगळे फुलं घेऊन आले. मी रिकाम्या हातानं गेली, भांडायलाच.

"बाई, तास वाचला होता. तुम्ही घालवला. मले तुमचा लई राग येते."

बाई खिडकीतून वाकल्या. मले वाटलं, आता तरी सॉरी म्हणतील.

"काऊन?"

आणि बस निघाली. स्टँडच्या फाटकापर्यंत मी धूळ खात बसमागं पळत, ओरडून ओरडून कारणं सांगत होती. एकही पाठ केलेलं नव्हतं.