शेवटचं गाणं काकूंचं

सदाशिव पेठेतले आमचे शेजारचे काका दर एकतीस डिसेंबरला संध्याकाळी टेपरेकॉर्डर गॅलरीत आणून ठेवत आणि वर्षभरात त्यांना आवडलेली नवी गाणी सगळ्या मजल्याला ऐकवत. कुणी फर्माईश केलीच, तर "ती रेडिओला कळवा," म्हणत. शेवटचं गाणं मात्र काकूंच्या आवडीचं, बहुधा धांगडधिंग्याचं. "हे हिचं. मी जबाबदार नाही," असं बजावून ते आत निघून जात.

एका श्रावणात काकू गेल्या. तरी डिसेंबरात टेप लागला. शेवटी कानठळ्या बसवणारं एक नवं गाणं आलं. काका आत गेले नाहीत, कठड्याला धरून पूर्ण ऐकत राहिले.

मी विचारलं, "आवडलं का हो तुम्हाला?"

"अजिबात नाही," ते म्हणाले. "हिला आवडलं असतं."