बरं वाटण्याची खात्री

रक्ताचा रिपोर्ट वाचताना माझी मुलगी मुक्ता हसायची थांबली. तिला चार वर्षांपासून ल्युपस आहे. या आजारात शरीर स्वतःवरच उलटतं. गेले काही आठवडे सांधे दुखत नव्हते, गालांवरचे चट्टेही गेले होते. रक्तातलं सी-थ्री नावाचं प्रथिन मात्र घसरलं होतं. आजार आतून पुन्हा जागा होतोय, असं सांगून डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या.

"आई, मला बरं वाटतंय ते खोटं का?" तिनं रिक्षात विचारलं.

आपल्याला बरं वाटतंय, यावरसुद्धा माणसाला विश्वास ठेवता येऊ नये?

संध्याकाळी मैत्रिणीकडे निघताना ती दारात थांबली. "जाऊ ना गं?"

एरवी ती नुसती सांगून जायची.