बाराशे अठ्ठ्याण्णव परस

राळेगाव तालुक्यातल्या एका शेतविहिरीत टेप सोडलेला असताना खिशातला फोन वाजला. विहिरींची पाणीपातळी मोजणं हे माझं नोकरीतलं काम. मी आधी टेप वाचला, सहा मीटर पस्तीस सेंटिमीटर, ते वहीत लिहिलं आणि मग फोनकडे वळलो. तोवर तो वाजून बंद झाला होता. परत लावला तर माझी बायको वंदना एवढंच म्हणाली, "मिलिंदच्या पाणबुडीशी बोलणं होऊन नाही राह्यलं म्हणते..." त्याला आता अकरा आठवडे झाले. फोन लगेच उचलला असता तरी काही बदललं नसतं, हे मला कळतं. तरी वहीतलं ते पान आलं की मी घाईने उलटतो.

मिलिंद माझा साळा. नौदलात लेफ्टनंट कमांडर, वय छत्तीस. लग्न केलं नव्हतं. आमच्या लग्नाच्या वेळी तो बारावीत होता. पंगतीत मी वाढप्याला सहज विचारलं, किती पानं झाली, तर हा मागून म्हणाला, "भाऊजी, बुंदीचे दाने बी मोजून घ्या. कमी भरले तं बहीण वापस नेतो आमी." पुढची एकोणीस वर्षं तो सुट्टीवर आला की मला असाच छळायचा, आणि मी त्याच्या सुट्टीचे दिवस मोजायचो.

त्याचे वडील बोरी अरबला राहतात. मी त्यांना मामाजी म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर. सासूबाई आठ वर्षांपूर्वी गेल्या. मामाजींनी जन्मभर विहिरी खोदल्या, एकूण चौसष्ट, आणि खोली ते परसातच सांगतात. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. मी एकदा म्हणालो की हे काही माप नव्हे, ते माणसागणिक बदलतं. मिलिंद तेव्हा घरी होता. "मंग बाबालेच मोजा ना," म्हणत त्याने त्यांना भिंतीशी उभं केलं. मामाजी हात ताणता ताणता हळूच टाचाही उचलायला लागले. "टाचा खाली, बाबा. जवाई सरकारी माप घेते." दोन मीटर अकरा सेंटिमीटर भरले. त्यानंतर निदान बोरी अरबच्या त्या घरापुरतं परस हे माप मी मान्य केलं.

कॉलेजच्या सुट्ट्यांत तो वडिलांबरोबर विहिरीत उतरायचा. खाली गेलं की वरचा कालवा बंद होतो, ते बरं वाटतं, असं म्हणायचा. पाणबुडीवर जाणार हे त्याने घरी सांगितलं तेव्हा मात्र मामाजी भडकले. "पान्यावरून चालनारं जहाज नाही भेटलं तुले? आत कायले जातं?" मिलिंद म्हणाला, "तुमी जल्मभर कुठं होते, बाबा? खालीच ना?" मामाजींनी चहा संपवला, कप खाली ठेवला. "मी रोज संध्याकाळी वर येत होतो," ते म्हणाले.

चौथ्या आठवड्यात समुद्राच्या तळाशी पाणबुडी सापडली. तिथून कोणालाही वर आणता येणार नाही, हे सांगायला अधिकारी घरी आले. दाराशी बूट काढून आत आले, मामाजींशेजारी बसले. हे कशामुळे झालं याचा तपास चालू आहे. मला ठाऊक नाही ते मी लिहीत नाही.

आमच्यात माणूस गेल्यावर थोड्याच दिवसांत जलदान विधी होतो. गेलेल्याच्या नावाने एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी सोडतात, गाथा म्हणतात. मामाजींनी तो होऊ दिला नाही. तरुणपणी एका विहिरीची दरड त्यांच्या जोडीदारावर कोसळली होती. मालक विहीर बुजवा म्हणत होता. मामाजींनी तीन दिवस माती उपसून त्याला वर आणलं, मगच पुढचे विधी झाले. "मानूस आत असतानी काम मिटवत नसते," ते म्हणाले. "पयले त्याले वर काढा. मंग पानी सोडू." वंदनाने दोनदा बौद्धाचार्यांना बोलावलं आणि दोनदा परत पाठवलं. भाऊ गेला म्हणून तिला धड रडताही येत नव्हतं. मामाजी दिवसभर खाटेवर चपला घालून बसायचे... बोलावणं आलं तर आपल्यामुळे उशीर नको.

सातव्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी मला जवळ बसवलं. "जवाईबापू, जो येते थो म्हनते लय खोल हाय. लय म्हंजे किती? तुमी सांगा. तुमी अंदाजानं बोलत नाही."

आकडा माझ्याकडे होता. अधिकाऱ्यांना विचारून मी तो लिहून घेतला होता आणि तीन आठवडे खिशात घेऊन फिरत होतो. दोन हजार सातशे चाळीस मीटर. मीटरमध्ये सांगितला असता तर त्यांना तो पोचला नसता आणि मी सुटलो असतो. मी वही काढली, दोन पूर्णांक अकराने भागलं, पुन्हा एकदा ताळा पाहिला.

"बाराशे अठ्ठ्याण्णव परस, मामाजी. वर अर्ध्याहून थोडं जास्त."

ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. "माही सगळ्यात खोल विहीर दहा परस," ते सावकाश म्हणाले. "चौसष्टच्या चौसष्ट एकीखाली एक लावल्या... तरी अर्ध्यात नाही पोचत मी." मी मान हलवली. हिशेब बरोबर होता. मग त्यांनी वाकून पायातल्या चपला काढल्या आणि खाटेखाली सरकवल्या. "उद्या बोलवा बौद्धाचार्याले."

जलदान झालं. पाणी मामाजींनीच सोडलं. वंदना त्या दिवशी मोकळी रडली.

फोटोखाली जन्माची आणि निधनाची तारीख घालतात. मिलिंदच्या निधनाची तारीख कोणालाच नक्की सांगता येत नाही. शेवटचा संदेश एका दिवशीचा, शोध सुरू झाला तिसऱ्या दिवशी. मधली एखादी टाका, असं कोणीतरी सुचवलं. मी नको म्हणालो, जागा कोरी सोडू. मामाजी म्हणाले, "कोरी कायले? जे माहीत हाय, थे लिवा." म्हणून मी कागदावर नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली आणि त्याखाली '१२९८ परस'. वरचं अर्धं मामाजींनी सोडून द्यायला लावलं.

दारव्ह्याच्या फ्रेमवाल्याने कागद दोनदा वाचला. "आजोबा, हे खालचं काय आहे? घर नंबर?"

"हो," मामाजी म्हणाले. "तिथं राहते माहा पोरगा."