भाव फुटला की बंद पडणारी साइट

कोणी धंद्यासाठी वेबसाइट काढतो आहे असं ऐकलं की मला पुसदला असतानाचा पोलीस ठाण्यातला एक लाकडी बाक आठवतो. त्यावर एक व्यापारी आणि त्याच्या बायकोचा भाऊ, मध्ये हातभर जागा सोडून, एकमेकांकडे न बघता बसले होते.

माझी नोकरी संपत आली होती. खून-दरोड्यांनी पोलीस थकतो असं लोकांना वाटतं. मला थकवलं ते घरातल्या भांडणांनी. ती गुन्ह्याचा अर्ज होऊन ठाण्यात येत.

अर्जदार फवारणी पंप आणि त्यांचे सुटे भाग विकणारा. फुलसावंगीपासून पार मुकुटबनपर्यंतचे लहान दुकानदार त्याच्या साइटवर मागणी नोंदवायचे. त्याची एक पद्धत होती. हंगामात आठवडाभर भाव झाकून ठेवायचा आणि शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर मोबाइलवरच्या सगळ्या गटांत एकदम फोडायचा. जो आधी नोंदवेल, त्याला माल आधी. लागोपाठ दोन शुक्रवारी भाव फुटताच साइट बंद पडली. गिऱ्हाईक समोरच्या दुकानाच्या साइटवर गेलं. ते दुकान त्याच्या साळ्याचं, म्हणजे बायकोच्या भावाचं. पूर्वी दोघं भागीदार होते.

"साहेब, बाकी दिवस साइट मस्त चालते. मी भाव फोडला का बंद! माह्या टाइमाची खबर घरच्या माणसाशिवाय कोणाले राहीन?"

संगणकाशी छेडछाडीच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकानेच करायचा असतो, म्हणून कागद माझ्याकडे आला. गुन्हा दाखल करण्याआधी मी चौकशी लावली. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या खबऱ्याचा फोन आला: साइटचा पासवर्ड साळ्याकडे आहे. साळ्याला नोटीस देऊन बोलावलं.

"पासवर्ड तुझ्याकडे आहे?"

"आहे ना साहेब. साइट मीच बनवून देल्ती."

"भागीदारी तुटल्यावर काढून का नाही टाकला?"

"मी कायले काढू? दुल्हाभाईनं बदलवाचा होता. मी तं सांगतलंही होतं, हे शेअर्ड होस्टिंग हाय, सीझनमंदी पुरत नाही. तं म्हणे, दुकान माहं अन् अक्कल तुही?"

इतक्या सहज कबुली देणारा माणूस एक तर निर्दोष असतो, नाही तर फार तयारीचा. नुसत्या चेहऱ्यावरून मी कधी ठरवलं नाही.

त्याच दुपारी अर्जदाराची बायको आली. ठाणे अंमलदारानं खुर्ची दिली तरी बसली नाही. "साहेब, एक माहा भाऊ हाय अन् एक माह्या लेकरायचा बाप. तुमी गुन्हा लिहिला का माहं माहेर बंद. आमचे हे रागात त्याचं नाव घेऊन चुकले." जाताना दारात थांबून म्हणाली, "पण त्यानं केलं असन, तं लिहा."

सायबर शाखेतल्या हवालदाराला विचारलं. तो म्हणाला, "सर, कोणी बंद पाडली असेल किंवा गर्दीनं पडली असेल. कंपनीकडून नोंदी मागवू, पण वेळ लागेल." मला अर्जदाराचंच वाक्य खटकत होतं. फक्त भाव फुटल्यावरच बंद. वैरी इतका शिस्तीचा नसतो. तो एखाद्या मंगळवारीही त्रास देतो.

म्हणून पुढच्या शुक्रवारी दोघांनाही ठाण्यात बोलावलं. हवालदारानं अर्जदाराच्या संमतीनं पासवर्ड बदलला आणि कोणालाच सांगितला नाही. साळ्याचा मोबाइल बंद करून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. मग अर्जदाराला म्हटलं, "आता फोडा भाव."

त्यानं बाकावरूनच सगळ्या गटांत भाव टाकला. थोड्या वेळात त्याचा फोन वाजायला लागला. "भाई, साइट खुलून नाही राह्यली." मग दुसरा फोन, तिसरा.

साळ्याच्या दोन्ही हातांत चहाचा कप होता. तो शांतपणे म्हणाला, "दुल्हाभाई, आता कप बी जमा करू का?"

शिपाई हसला. अर्जदार नाही हसला. "दुसऱ्या कोणाले लावून देलं असन," तो पुटपुटला. पण आवाजात जोर नव्हता. हवालदारानं साइटचं नियंत्रणाचं पान उघडून दाखवलं. ठरलेली मर्यादा संपली म्हणून कंपनीच्या यंत्रणेनंच साइट रोखली होती.

मी त्याला आमच्या पोलीस लाइनचं उदाहरण दिलं. शेअर्ड होस्टिंग म्हणजे लाइनीतला सामायिक नळ. स्वस्त, आणि एरवी पुरतो. बंदोबस्ताच्या सकाळी सगळे एकदम बादल्या घेऊन आले की धार तुटते. व्हीपीएस म्हणजे त्याच इमारतीत तुमच्या नावाची वेगळी टाकी. डेडिकेटेड म्हणजे स्वतःची विहीर. पाणी भरपूर, पण मोटर जळली तर तुम्हीच बघा. क्लाउड म्हणजे लागेल तसं वाढवून घ्यायचं पाणी, वापराल तसं बिल. एखाद्या शिंप्याला किंवा खानावळीला सामायिक नळ पुरेल. पण तुम्ही तर आठवड्याची सगळी तहान एकाच घटकेला आणता.

"मंग मले वेगळी टाकी लागते," तो म्हणाला. हे त्याला लगेच कळलं.

त्यानं व्हीपीएस घेतलं. पुढच्या शुक्रवारी भाव फुटला, साइट थोडी हळू झाली, पण चालू राहिली. तेव्हाच मी अर्ज निकाली काढला. एका प्रयोगावर मी समाधान मानत नाही.

या प्रकरणानं मला एक सवय लावली. वेबसाइटबद्दल कोणी सल्ला मागितला की मी आधी विचारतो, तुमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी कधी होते? रोजच्या गिऱ्हाइकावरून होस्टिंग निवडू नका, त्या दिवसावरून निवडा. आणि बंद पडलं तर आधी मर्यादा तपासा, मग माणसं.

निवृत्तीनंतर घरच्या पंपाचा वॉशर घ्यायला त्याच्या दुकानात गेलो. त्यानं ओळखलं, चहा मागवला.

"साइट फर्स्ट क्लास चालून राह्यली साहेब. एकदाही बंद नाही पडली."

"आणि साळा?"

त्यानं वॉशर कागदात गुंडाळला. समोरच्या दुकानात त्याचा साळा गिऱ्हाइकाशी बोलत होता, इथून स्पष्ट दिसत होता.

"ईदले माही बायको एकटीच जाते माहेरी," तो म्हणाला. "मले काही बलावणं नाही येत."