कौसामावशीचा प्रश्न

हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्याला सांगितलेलं नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतंय. याआधी दोनदा लिहायला बसले होते — दोन्ही वेळा स्वतःची बाजू इतकी छान मांडली गेली की कागद फाडून टाकावे लागले. बोलणं हाच माझा पेशा आहे, त्याला काय करणार?

पेशा म्हणजे, आकुर्डीच्या एका कॉलेजात मी मुलांना भाषण करायला शिकवते. परदेशातल्या एका कॉलेजाशी आमची देवाणघेवाण आहे. दरवर्षी तिकडची दहा मुलं दोन आठवडे इकडे येतात, आणि आमची चार तिकडे जातात. चारचौघांत उभं राहून बोलायचं, आणि स्वतःसाठी नाही तर दुसऱ्या कुणासाठी बोलायचं, हे शिकायचं असतं. ज्याच्या वतीने उभे राहता त्याचा शब्द बदलू नका, हे मी मुलांना पहिल्याच तासाला सांगते. सांगताना माझा आवाज कापत नाही. कापायला हवा, नाही का?

मी स्वतः आकुर्डीच्या याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. पंधरा वर्षं झाली. आम्ही तळवड्याला राहायचो, पत्र्याच्या सहा खोल्यांच्या रांगेत. वडील चाकणला कंपनीत, आई एका कॅन्टीनमध्ये. शेजारच्या खोलीत कौसामावशी. ती जालन्याकडची, लग्न होऊन तिथे आली तेव्हा मी चौथीत होते. आईची सकाळची शिफ्ट असली की माझी वेणी मावशी घालायची, इतकी घट्ट की शाळेत दिवसभर माझ्या भुवया वर चढलेल्या असायच्या. तिला स्वतःचं मूल उशिरा झालं, पूजा. तोवर मीच तिची लेक होते, असं ती म्हणायची. मीही म्हणायचे.

मावशी जवळच्याच एका शेडमध्ये कामाला जायची. गाड्यांना लागणारे रबराचे छोटे छोटे भाग, ते तपासायचे आणि पिशव्यांत भरायचे. अशा बारा जणी होत्या. ती कामाबद्दल फार बोलत नसे. संध्याकाळी आली की दारातच उभी राहून तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची, हे मी कितीदा पाहिलं होतं — आणि का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

त्या वर्षी पाहुणे आले तेव्हा माझी जोडी मार्टा नावाच्या मुलीशी लागली. उंच, शांत, सारखी वहीत लिहीत असायची. आम्हाला भाषण शिकवणाऱ्या मॅडमनी शेवटच्या दिवसासाठी एक कार्यक्रम ठरवला होता. आम्ही प्रत्येकाने आपापल्या वस्तीतलं एक माणूस आणायचं, त्याने आपला प्रश्न मांडायचा, आणि ज्याने आणलं त्यानेच तो पाहुण्यांना इंग्रजीत सांगायचा. मग सगळ्यांनी मिळून त्या प्रश्नावर निवेदन लिहायचं, पाहुण्यांच्या सह्यांसह, आणि ते जिथे जायला हवं तिथे पाठवायचं. ते नुसतं नाटक नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. त्या दिवशी एका आजोबांनी नाल्यावरच्या तुटलेल्या कठड्याचं मांडलं होतं, आणि दोन महिन्यांत तिथे नवा कठडा उभा राहिला. परदेशी मुलांच्या सह्या बघून साहेब लोक जरा जागे व्हायचे.

आणखी एक होतं. तिकडे जाणारी आमची चार मुलं त्या दिवसाच्या इंग्रजीवरून निवडली जाणार होती. मला जायचं होतं. किती जायचं होतं, ते कसं सांगू? आमच्या रांगेतलं कुणी विमानतळाचं दारसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

मी मावशीला आणायचं ठरवलं. ती छान बोलायची, माणसं हसायची तिच्या बोलण्यावर. गावाहून कशी आलात, इथे कसं बस्तान बसवलं, ते सांगा — असं मी तिला शिकवलं. चार संध्याकाळी तयारी करून घेतली. दोन वाक्यं बोलायची, थांबायचं, माझ्याकडे बघायचं, माझं इंग्रजी झालं की पुढची दोन. ती चुलीपाशी भाकरी थापता थापता सराव करायची. दोन वाक्यं, मग थांबायची, आणि पिठाच्या हातांनी माझ्याकडे बघायची. आम्ही दोघी हसायचो.

त्या दिवशी ती लग्नातली साडी नेसून आली. पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या शेजारी शेडचा मालक बसला होता. पाहुण्यांचं दुपारचं जेवण त्याच्याकडून होतं, म्हणून मॅडमनी त्याला मानाने बसवलं होतं. मी त्याला ओळखत होते. मावशीने त्याला पाहिलं, पदर सारखा केला, आणि मंचावर चढली.

सुरुवात ठरल्याप्रमाणे झाली. गाव, एसटी, पहिली खोली, पत्र्याचा उन्हाळा. पाहुणे हसले. मी सुरेख इंग्रजी बोलत होते. आणि मग मावशी ठरलं नव्हतं ते बोलू लागली — मोठ्याने नाही, रागाने नाही, चुलीपाशी बोलावं तसं.

"आमी बारा जणी हाव. शेडमधल्या संडासाला कुलूप हाय, अन् किल्ली सुपरवायझरच्या खिशात." आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. मी शिकवलं होतं तस्संच.

मी इंग्रजीत म्हणाले, मावशी सांगताहेत की त्या बारा जणी एका घरातल्यासारख्या काम करतात.

"किल्ली मागाय गेलं की त्यो घड्याळाकडं बघतो, अन् मग बाकीच्या गड्यांकडं बघून हसतो. म्हणून आमी पाणीच पेत न्हाई. सकाळच्या आठपासून एक घोट बी न्हाई. माजी एक मैतरीण चक्कर येऊन पडली, डॉक्टर म्हणला किडनीवर आलंय." थांबली. बघितलं.

मी म्हणाले, काम शिस्तीत चालतं, आणि कुणाला बरं नसलं तर सगळ्याजणी एकमेकींची काळजी घेतात.

मग ती पाहुण्यांकडे वळली. एका चेहऱ्याकडे बघून बोलायचं, हेही मीच शिकवलं होतं. तिने मार्टाकडे बघितलं. "मला येक इचारायचंय. तुमच्याकडं बाया कामावर पाणी पेतात का?"

इतका साधा प्रश्न. पाच-सात शब्दांत सांगता आला असता. माझं इंग्रजी तेवढं नक्कीच चांगलं होतं.

मी म्हणाले, मावशी विचारताहेत, इथल्या उन्हात तुम्ही भरपूर पाणी पिता ना?

पाहुणे मनापासून हसले. आणि दहाच्या दहा जणांनी आपापल्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन तिला उंच करून दाखवल्या.

मावशी त्या बाटल्यांकडे बघत राहिली. तिला वाटलं, हे उत्तर आहे. होय, आम्ही पितो. तिचे डोळे भरून आले, तिने हात जोडले, आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. खाली उतरताना तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

इथे थांबून स्वतःला सावरून घ्यायची मला सवय आहे. वर्षानुवर्षं मी मनाशी म्हणत आले की मी तिची नोकरी वाचवत होते. मालक समोर बसला होता ना? पण जरा विचार करा — मालकाला मराठी येत होतं. त्याने मूळ बोलणं ऐकलं होतं, शब्दन् शब्द. ज्यांना ते कळलं नाही ते फक्त पाहुणे, ज्यांच्या सह्यांनी काही झालं असतं. मी तिला कुणापासून वाचवलं? मी मॅडमच्या कपाळावरची आठी पाहिली होती, आणि ती आठी माझ्या नावापुढे नको होती. एवढंच. हॉलमध्ये मराठी जाणणारे निदान शंभर लोक होते, तेही सगळे गप्प बसले, हे खरं. पण मावशी थांबून त्यांच्याकडे बघत नव्हती.

निवेदनं लिहायला बसलो तेव्हा मावशीच्या नावाने काही लिहायचं नव्हतं. तिने प्रश्न मांडलाच नव्हता ना. पाहुण्यांनी तिच्यासाठी एक भेटकार्ड केलं, फुलांचं चित्र काढून, सगळ्यांच्या सह्या घातल्या. ते मीच तिला नेऊन दिलं. तिला वाटलं हाच तो कागद. तिने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला, आणि मी ठेवू दिला.

चौथ्या दिवशी तिला सांगितलं गेलं, उद्यापासून येऊ नको. ती आमच्या दारात येऊन आईला म्हणाली, काढलं तर काढलं, आता वरून पत्र येईल तेव्हा बाकीच्या पोरींचं तरी बरं होईल. मी आत भाजी चिरत होते. मी चिरतच राहिले.

महिनाभराने तिने मला एकदाच विचारलं. "पोरी, तू नीट सांगितलंस ना गं त्यांना?" संशयाने नाही — आपलंच बोलणं कमी पडलं की काय, अशा काळजीने. मी म्हणाले, "हो मावशी. सगळं सांगितलं." त्यावर तिचा जीव भांड्यात पडला. मग परत कधी विचारलं नाही. पुढे ती आकुर्डीत सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करायला लागली, अजून करते. त्या शेडमध्ये कुलूप किती वर्षं राहिलं, ते मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही.

माझी निवड झाली. वडिलांनी सगळ्या रांगेत पेढे वाटले.

आणि आता जे सांगायचंय ते याहून वाईट आहे. तिकडे शेवटी आम्हा प्रत्येकाला दहा मिनिटं बोलायचं होतं, आपल्या गावातल्या एका अन्यायावर. मी काय बोलले असेन, तुमच्या लक्षात आलंच असेल. बारा जणी, कुलूप, घड्याळ, चक्कर येऊन पडलेली बाई — काहीही गाळलं नाही, काहीही बदललं नाही. शेवटी तिचाच प्रश्न विचारला, त्यांच्याकडे बघून, खालच्या आवाजात. मला तिथे पहिल्या रांगेतल्या कुणाचीच भीती नव्हती. लोक उभे राहिले. काही बायका रडल्या. उत्कृष्ट वक्ता म्हणून मला जे मानपत्र मिळालं ते आजही कॉलेजच्या कार्यालयात लावलेलं आहे.

मार्टा हॉलमध्ये होती. जेवताना ती माझ्याजवळ येऊन बसली. तिने विचारलं, ही तीच का, लग्नाच्या साडीतली, जिने आम्हाला पाणी पिता का असं विचारलं होतं? तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेव्हा तरी मी बोलू शकले असते. अजून फार उशीर झाला नव्हता, एक निवेदन, दहा सह्या, तीन महिनेच तर झाले होते. आणि तिला हवं तेच होतं, माझ्या तोंडून एक 'हो'.

मी म्हणाले, नाही, ही दुसरी बाई.

मार्टाने मान हलवली आणि पुन्हा विचारलं नाही. तिने मला नंतर कधी पत्रही लिहिलं नाही. कळलं असेल तिला. मला ते बरंच वाटलं.

परत आल्यावर मावशीने माझी दृष्ट काढली.

आता तिची पूजा माझ्याच वर्गात आहे. दुसऱ्या वर्षाला. मावशीने तिला हट्टाने आमच्या कॉलेजात घातलं, ताईसारखं बोलायला शीक म्हणाली. पोरगी माझ्यापेक्षा चांगली बोलते, हे मी कौतुकाने म्हणत नाही, खरं म्हणून म्हणते. कॉलेजात मला मॅडम म्हणते, घरी ताई. यंदा तिकडे जाण्यासाठी तिने नाव दिलं, आणि निवडीच्या भाषणाचा विषय घेतला: माझी आई.

गेल्या मंगळवारी तिने ते मला म्हणून दाखवलं. रिकामा वर्ग, पंखा बंद, मी पहिल्या बाकावर. तिने सांगितलं, की तिच्या आईने मालकाच्या तोंडावर खरं बोलायची हिंमत केली, त्यापायी काम गेलं, पण आईला त्याचं कधी दुःख झालं नाही. कारण आपलं बोलणं परक्या देशातल्या माणसांपर्यंत पोचलं, हे आईला ठाऊक होतं. एका मुलीने ते त्यांच्या भाषेत जसंच्या तसं पोचवलं होतं. त्या एका गोष्टीवर माझी आई पंधरा वर्षं उभी आहे, असं ती म्हणाली, आणि दोन क्षण थांबून तिने माझ्याकडे बघितलं.

भाषण संपलं. तिने कागद माझ्यासमोर ठेवला आणि बाकावर शेजारी येऊन बसली. म्हणाली, "ताई, यात कुठे काही चुकीचं गेलं नाही ना? तुम्ही होतात तिथे, म्हणून विचारते."

मी कागद हातात घेतला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, घाई केली नाही. मग तिला म्हणाले, शेवट जरा हळू घे, बाकी सगळं बरोबर आहे.