आरसा चिकटवताना

दुपारभर आमचे हे एका जुन्या जपानी मोटारीचं छोटंसं मॉडेल जोडत बसले होते. तांदळाच्या दाण्याएवढा आरसा चिमट्यात धरला, की हात थरथरायचा आणि आरसा खाली पडायचा. आजारपणानंतर हात असाच झालाय. निवृत्त झाल्यावर निवांत जोडू, म्हणून यांनी मॉडेलांची किती खोकी जमवली! आवडीचं सगळं आपण पुढच्या दिवसांसाठी राखून ठेवतो; ते दिवस मात्र आपल्यासारखेच दमून येतात.

यांच्या मोटारींना मी फडकंसुद्धा लावलेलं यांना चालायचं नाही. आज चिमटा माझ्यापुढे धरून म्हणाले, "तू लाव गं."

मी श्वास रोखून आरसा चिकटवला. "वाकडा बसला का हो?"

"बसलाय थोडा. असू दे," ते म्हणाले, आणि दुसऱ्या बाजूचा आरसा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.